‘नाश्त्यानंतर’ची गोळी आणि इफ्तारनंतरची कॉफी

रमजान सुरू झाला की आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो, ‘मॅडम, पाणीसुद्धा नाही?’ इतकी वर्षं झाली, विचारणारे बदलले, प्रश्न तोच. मी हसून ‘पाणीसुद्धा नाही’ म्हणते. खरं सांगायचं तर पाण्याचं मला फारसं काही वाटत नाही. पहिल्या दोन-तीन रोज्यांना सकाळी अकराच्या सुमारास, दुसरं लेक्चर आटोपून खुर्चीत टेकलं की आठवण येते ती कॉफीची. कॅन्टीनचा मुलगा शेजारच्या टेबलावर कप ठेवून जातो, वास इकडे येतो आणि कपाळाच्या दोन्ही बाजूंना ठणका सुरू होतो.

घरची बडी-बूढी मंडळी म्हणतात, ‘रोजा सर पे चढ गया.’ पण बऱ्याचदा डोक्यावर चढलेला रोजा नसतो, उतरलेली कॉफी असते. आपल्या मेंदूत दिवसभर ॲडेनोसिन नावाचं एक द्रव्य साठत जातं. ते जसं वाढतं तशी झोप येते. कॉफीतलं कॅफिन ॲडेनोसिनच्या जागा आधीच अडवून बसतं, म्हणून तरतरी वाटते. रोज कॉफी पिणाऱ्याच्या मेंदूला या अडवणुकीची सवय होते. मग एक दिवस कॅफिन आलंच नाही की ॲडेनोसिनला मोकळं रान मिळतं, डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं दुखतं. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत ही डोकेदुखी सुरू होते, पुढचा एखाद-दुसरा दिवस ती जोरात असते आणि दोन ते नऊ दिवसांत निघून जाते. पहिल्या अशऱ्यात म्हणजे पहिल्या दहा दिवसांत डोकं धरून बसणारे नंतर अगदी टवटवीत का दिसतात, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे. मी आता रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यातच दोन आठवडे कॉफी थोडी थोडी कमी करत आणते. पहिल्या रोज्याला डोकं शाबूत राहतं.

पण आज लिहायचं आहे ते डोक्याबद्दल नाही, हृदयाबद्दल.

माझे अब्बा उर्दू शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. उमेदीची काही वर्षं त्यांनी बंगळुरात काढली आणि येताना पितळेचा एक कॉफी फिल्टर घेऊन आले. वरच्या भांड्यात पूड, तिच्यावर उकळतं पाणी, खालच्या भांड्यात थेंब थेंब उतरणारा काळा अर्क. चहाबाज मोहल्ल्यात आमचं एकच घर कॉफीचं. शेजारच्या कुलकर्णीकाकू जायफळ घातलेली दुधाळ कॉफी करतात. तिला अब्बा ‘कॉफी की खीर’ म्हणतात, पण पाठवली तर कप पुसून परत करतात.

चार वर्षांपूर्वी अब्बांची अँजिओप्लास्टी झाली. दवाखान्यातून घरी आले आणि त्यांच्या खाण्यापिण्यावर सगळ्या खानदानाची नजर बसली. खालाजान म्हणाल्या, कॉफी गरम असते, दिलाला चालत नाही. मोठे भाईजान म्हणाले, कॉफीनं धडधड वाढते. फोनवर आलेला एक व्हिडिओ सर्वांनी एकमेकांना पाठवला. डॉक्टरांना विचारायचं मात्र कोणाला सुचलं नाही. कॉफी कमी करत करत अखेर दिवसाला एका कपावर आली.

त्यानंतरच्या दुसऱ्या रमजानात, डॉक्टरांच्या परवानगीनं, अब्बांनी रोजे धरले. नवव्या रोज्याला संध्याकाळी त्यांना गरगरलं. डोकं जड झालं. घरातल्या यंत्रावर रक्तदाब मोजला तर १७४ वर १०२. आणि त्या क्षणी आम्ही सगळ्यांनी, मी पदव्युत्तर शिकलेली बाईसुद्धा त्यात आले, वळून पाहिलं ते ओट्यावरच्या पितळी फिल्टरकडे. इफ्तारनंतरचा तो एकुलता एक कप! भाईजाननी फिल्टर उचलून माळ्यावर टाकला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कॉफीचं सगळं पुराण शांतपणे ऐकून घेतलं आणि अब्बांना एकच प्रश्न विचारला, ‘सर, गोळ्या किती वाजता घेता?’

अब्बा गप्प. मग हळूच म्हणाले, ‘रात्रीच्या घेतो. सकाळच्या... कागदावर लिहिलंय ‘नाश्त्यानंतर’. नाश्ताच नाही, तर नंतर कसलं?’

नऊ दिवस रक्तदाबाची सकाळची गोळी पोटात गेलीच नव्हती. जन्मभर मुलांना वाक्याचा अर्थ समजावून सांगणाऱ्या माणसानं डॉक्टरांच्या दोन शब्दांचा शब्दशः अर्थ घेतला होता. घरात सहा माणसं कॉफीचा कप मोजत होती, गोळीचं पाकीट एकानंही मोजलं नव्हतं. त्या वर्षी उरलेले रोजे डॉक्टरांनी धरू दिले नाहीत. आजाऱ्याला रोज्याची सूट आहे, हे अब्बांनीच आम्हाला लहानपणी शिकवलेलं. तरी इफ्तारच्या वेळी ते दस्तरखानाच्या एका कोपऱ्यात मान खाली घालून बसायचे, ते मला पाहवत नसे.

कॉफीवर आळ घेणारे आम्हीच पहिले नव्हे. हा खटला पाचशे वर्षं जुना आहे, आणि गंमत म्हणजे तो सुरू झाला मक्केत.

पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या जिक्रसाठी, म्हणजे अल्लाहच्या नामस्मरणासाठी, जागं राहता यावं म्हणून कॉफी पीत. तिथून ती मक्केत आणि कैरोत पोहोचली. १५११ साली मक्केचा ममलूक अधिकारी खैर बेग यानं लोक रात्री जमून हे काळं पेय पिताना पाहिले आणि त्याला संशय आला. त्यानं उलेमांची सभा भरवली. कॉफी शरीराला अपायकारक आहे, अशी साक्ष देणारे हकीमही सभेत उभे केले. कॉफीवर बंदी आली. पण कैरोच्या सुलतानाकडून आलेल्या हुकमात कॉफीवर सरसकट बंदी नव्हती, आणि मक्केत पुन्हा चुली पेटल्या. पुढे १५५८च्या सुमारास अब्द अल-कादिर अल-जजीरी या लेखकानं कॉफी हलाल कशी आहे हे मांडणारा अख्खा ग्रंथ लिहिला. या खटल्याची बरीचशी हकीकत आपल्याला त्यातूनच कळते.

आपल्याकडे कॉफी आली तीही एका फकिराच्या हातून, असं मानतात. सतराव्या शतकात बाबा बुदन हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात त्यांनी त्या लावल्या, अशी कथा आहे. त्या डोंगराला आज बाबा बुदनगिरी म्हणतात. तिथल्या गुहेला कोणी दर्गा म्हणून नमस्कार करतं, कोणी दत्तपीठ म्हणून. सात बियांची गोष्ट खरी की श्रद्धेची, हे इतिहासकारांनी ठरवावं. पण देशातली सर्वाधिक कॉफी आजही कर्नाटकात पिकते आणि अब्बांच्या फिल्टरमधली पूड चिकमगळूरचीच असते.

हकिमांची ती साक्ष विसाव्या शतकात पुन्हा निघाली. १९७२-७३ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांना हार्ट ॲटॅक आलेल्या रुग्णांमध्ये कॉफी पिणारे जास्त आढळले. लगेच १९७४ मध्ये फ्रेमिंगहॅमच्या प्रसिद्ध हृदय-अभ्यासातून उलट उत्तर आलं, संबंध दिसत नाही. अशा गोंधळाचं एक मोठं कारण साधं होतं. त्या काळी भरपूर कॉफी पिणारे बहुतेक लोक दुसऱ्या हातात सिगारेट धरून असत. सिगारेटचा गुन्हा कॉफीच्या नावावर लागत होता. आमच्या घरी गोळीचा लागला तसाच.

तरी कॉफी अगदीच निर्दोष सुटली असं नाही. १९८३ मध्ये नॉर्वेच्या उत्तर टोकाला, ट्रोम्सो शहरात, कॉफी जास्त पिणाऱ्यांचं कोलेस्टेरॉल जास्त असल्याचं दिसलं. इतर देशांत ते तितकं दिसेना. मग लक्षात आलं की तिकडचे लोक कॉफीची भरड पूड पाण्यात टाकून सरळ उकळतात आणि न गाळता पितात. कॉफीच्या बीत थोडं तेल असतं आणि त्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवतं, ते काम कॅफेस्टॉलमुळे मंदावतं आणि रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. कागदाच्या गाळणीतून कॉफी उतरवली तर हे तेल कागदातच अडकतं. नॉर्वेतल्याच पाच लाखांवर लोकांची सरासरी वीस वर्षं नोंद ठेवून २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गाळलेली कॉफी पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कॉफी न पिणाऱ्यांपेक्षाही कमी होतं. न गाळलेल्या, उकळलेल्या कॉफीच्या वाट्याला हे श्रेय आलं नाही.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. बाजारात मिळणारी पाण्यात विरघळणारी पूड, जिची कॉफी कितीतरी मराठी घरांत होते, तिच्यात कॅफेस्टॉल नगण्य असतं. म्हणजे काकूंची जायफळवाली ‘खीर’ कोलेस्टेरॉलच्या बाबतीत बिचारी निरपराध. तिच्यात प्रश्न साखरेचा आणि सायीच्या दुधाचा. अरबी आणि तुर्की पद्धतीची, पूड टाकून उकळलेली कॉफी हल्ली उमराहून येणारी मंडळी हौसेनं आणतात. ती रोज चार-पाच कप पिण्याची चीज नाही. अब्बांचा पितळी फिल्टर मधे कुठेतरी बसतो. त्याला भोकं आहेत, कागद नाही, त्यामुळे तेल कागदाइतकं अडत नाही. दिवसाला एका कपाचं ओझं फार नाही, पण कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी गाळणीत कागद घालायला हरकत नाही. अब्बांना हे सुचवलं तर म्हणाले, ‘मग पितळ कशाला, परीक्षेचा पेपरच भिजवून पितो.’

धडधडीचं काय? ही भीती सर्वांत जुनी. २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी शंभर निरोगी माणसांच्या छातीवर ठोके नोंदवणारं यंत्र चिकटवलं आणि चौदा दिवस त्यांना फोनवर रोज कळवलं, आज कॉफी प्या, आज पिऊ नका. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले जादा ठोके कॉफीमुळे लक्षणीय वाढले नाहीत. खालच्या कप्प्यांतले मात्र वाढले, दिवसाला सरासरी १०२ वरून १५४. निरोगी माणसाला एवढ्यानं सहसा काही होत नाही, पण ज्याला ते छातीत जाणवतात त्याची तक्रार खोटी नसते. कॉफीच्या दिवशी ही माणसं हजारभर पावलं जास्त चालली आणि रात्री ३६ मिनिटं कमी झोपली. ही ३६ मिनिटं लक्षात ठेवा, त्यांच्याकडे पुन्हा यायचं आहे.

याहून मोठं आश्चर्य २०२५ च्या अखेरीस आलं. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, हा आजार असलेल्यांना डॉक्टर बहुधा पहिल्यांदा कॉफीच बंद करायला सांगत. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले असे दोनशे रुग्ण घेतले. त्यांची लय विजेच्या धक्क्यानं पूर्ववत केल्यावर निम्म्यांना रोज किमान एक कप कॉफी प्यायला सांगितलं, निम्म्यांना कॉफी आणि कॅफिन पूर्ण बंद. सहा महिन्यांत कॉफी बंद केलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांची लय पुन्हा बिघडली, कॉफी पिणाऱ्यांपैकी ४७ टक्के. म्हणून कॉफीला औषध म्हणायला नको, दोनशे ही काही फार मोठी संख्या नाही. पण ‘कॉफी सोडा, धडधड थांबेल’ हे वाक्य ठामपणे सांगण्याचा हक्क आता कोणालाही उरला नाही, खालाजाननाही नाही.

मात्र रक्तदाबाची बाजू वेगळी, आणि तिथे मी स्वतः सावध आहे. ज्यांना आधीच उच्च रक्तदाब आहे त्यांनी एका वेळी दोन-तीन कपांइतकं कॅफिन घेतलं तर वरचा आकडा साधारण ८ नं आणि खालचा ६ नं वाढतो, आणि तो तीनेक तास तसा राहू शकतो. जपानमध्ये साडेअठरा हजारांवर लोकांच्या पाहणीत असं दिसलं की ज्यांचा रक्तदाब १६० वर १०० किंवा त्याहून जास्त होता आणि जे दिवसाला दोन किंवा अधिक कप कॉफी घेत, त्यांच्यात हृदयविकार आणि पक्षाघातानं मृत्यूचं प्रमाण कॉफी न पिणाऱ्यांच्या दुप्पट होतं. एक कप घेणाऱ्यांत ही वाढ दिसली नाही. ज्यांचा रक्तदाब आटोक्यात होता त्यांच्यातही नाही. म्हणजे नऊ दिवस गोळी चुकवलेल्या अब्बांना तेव्हा एक कपसुद्धा जपूनच घ्यायला हवा होता, पण आकडा १७४ वर नेला तो त्या कपानं नव्हे.

आणि आता रमजानची खरी गोष्ट.

इतर अकरा महिने कॉफी सकाळची असते. रमजानात ती रात्रीची होते. इफ्तार पावणेसातला, तरावीहची नमाज आटोपून माणसं घरी येतात दहाच्या पुढे, आणि मग मोहल्ल्यात दिवस उजाडतो. कॉफी, चहा, कोल्ड्रिंक. आमची पोरं तर हल्ली ते डब्यातलं एनर्जी ड्रिंक घेतात, ज्याच्या पाव लिटरात एका कॉफीच्या कपाइतकं, साधारण ८० मिलिग्रॅम कॅफिन असतं. घेतलेलं कॅफिन अर्धं उतरायला शरीराला पाचेक तास लागतात. साडेदहाला कप घेतला तर साडेतीनला, म्हणजे सहरीला उठायच्या वेळी, त्यातलं निम्मं अजून रक्तात फिरत असतं. झोपण्याच्या सहा तास आधी भरपूर कॅफिन घेतलं तरी झोप तासाभरानं तुटते, असं एका प्रयोगात दिसलं आहे. एरवी ३६ मिनिटं गेली तर चालतं. रमजानात हाताशी असतात चार-साडेचार तास, त्यातून तासभर गेला की उरतं काय? आणि अपुऱ्या झोपेनं रक्तदाब वाढतो, याबद्दल वैद्यकशास्त्रात फारसा वाद नाही.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या टुलेन विद्यापीठाच्या संशोधकांनी चाळीस हजारांवर प्रौढांच्या नोंदी तपासल्या. केवळ सकाळी कॉफी घेणाऱ्यांमध्ये हृदयविकारानं मृत्यूचं प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी होतं. सकाळ, दुपार, रात्र अशी दिवसभर पिणाऱ्यांना मात्र असा काही फायदा दिसला नाही. हा प्रयोग नव्हे, पाहणी आहे. सकाळी कॉफी पिणारा माणूस एकूणच शिस्तीचा असेल, हेही शक्य आहे. पण ज्या महिन्यात आपण सगळे रातोरात दुसऱ्या गटात जातो, त्या महिन्यात ती वाचली पाहिजे.

सूफींनी कॉफी जागण्यासाठीच घेतली, हे खरं. पण ते जिक्रसाठी जागत होते. मी उत्तरपत्रिका तपासण्यासाठी जागते आणि माझा मुलगा मोबाइलसाठी.

मग मी काय करते, तर इफ्तारनंतर, मगरिबची नमाज झाली की लगेच एक छोटा कप. रिकाम्या पोटी नाही, खजूर आणि पाणी झाल्यावर. तरावीहनंतर काहीही नाही. सहरीला कधी अर्धा कप घेते, पण त्यानंतर पडायचं असेल तर तोही नाही. कॉफीनं शरीरातलं पाणी खेचलं जातं ही भीती मात्र सवय असणाऱ्यांनी मध्यम प्रमाणात बाळगायचं कारण नाही. ब्रिटनमध्ये ५० पुरुषांना रोज चार मग कॉफी आणि नंतर तेवढंच पाणी देऊन तपासलं, शरीरातल्या पाण्यात फरक पडला नव्हता. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफिन आणि एका वेळी २०० ही मर्यादा सांगितली आहे. गरोदर स्त्रियांसाठी दिवसभराची मर्यादाच २००. इफ्तार ते सहरी एवढ्या वेळात ४०० बसवायचे म्हटले तर ते सगळे रात्रीच बसणार, म्हणून रमजानात मला ही मर्यादा मोठी वाटते.

हे सगळं कुलकर्णीकाकूंना सांगत होते तर त्या म्हणाल्या, ‘अगं, आमच्या एकादशीला उलटंच. जेवण नाही, पण चहा-कॉफी चालते, मग दिवसभर तेवढंच. संध्याकाळी छाती धडधडायला लागते तेव्हा म्हणायचं, उपास बाधला.’ त्यांची रक्तदाबाची गोळीही ‘जेवणानंतर’चीच आहे. एकादशीला ती केव्हा घेता, विचारलं. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या.

या वर्षी शाबानमध्येच अब्बांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं, गोळ्यांच्या वेळा बदलल्या आणि रोजे धरायला परवानगी दिली, गरगरलं तर त्याच क्षणी सोडायचा या अटीवर. अब्बांना जे ठरवून दिलं ते अब्बांचं. इतरांनी आपापल्या डॉक्टरांना विचारावं, आणि रमजान लागल्यावर नाही, आधी. कागदावर आता ‘नाश्त्यानंतर’ नाही, ‘सहरी’ आणि ‘इफ्तार’ असं लिहिलेलं आहे. ते दोन शब्द डॉक्टरसाहेबांनी मला विचारून विचारून देवनागरीत लिहिले.

फिल्टर माळ्यावरून खाली आला आहे. चिंच लावून घासल्यावर तो लख्ख निघाला. दस्तरखानावर खजुराच्या ताटलीशेजारी गोळ्यांची डबी ठेवलेली असते, वारांची नावं असलेली. काल अजान झाली, अब्बांनी खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायलं, डबीतला ‘गुरुवार’ रिकामा करून माझ्यापुढे धरला. मग म्हणाले, ‘देख लिया? अब कॉफी ला.’